पेशव्यांच्या नळातला भयपट: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

कथेची जागा पक्की झाली: कात्रज ते शनिवारवाडा हा पेशवेकालीन भुयारी नळ. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी सुमारे आठ किलोमीटरवर शहरात आणलं. सगळं काम उतारावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास (नळातून वर निघणारी उभी तोंडं) ठेवले, म्हणजे कोंडलेली हवा निघावी, गाळ खाली बसावा आणि तो उपसायला माणूस उतरावा. शेवटी पेठांतले हौद. पुण्यात 'वाड्यातून थेट पर्वतीला भुयार' अशा दंतकथा गल्लोगल्ली ऐकू येतात, आणि खणल्यावर निघतो तो अनेकदा पाण्याचा नळच. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामातही असंच झालं.

भुयारातल्या कमी खर्चाच्या भयपटांची नेहमीची अडचण अशी, की दहा मिनिटांत सगळ्या भिंती सारख्या दिसू लागतात. पात्रं कुठे आहेत, बाहेर पडायला किती अंतर आहे, हे कळेनासं झालं की प्रेक्षक घाबरत नाही, नुसता वाट बघतो. आपल्या नळाला मात्र दिशा आहे, कारण पाणी कात्रजकडून शहराकडे वाहतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या माणसाला पायाला लागणारी धार सांगते की सुटका कुठल्या बाजूला आहे. संहितेत पहिल्या पंधरा मिनिटांत हे तीनदा दाखवायचं, संवादात एकदाच. शेवटच्या अंकात पाणी उलटं वाहू लागतं. चित्रपटातलं भूत तेवढंच. त्यासाठी मेकअप किंवा व्हीएफएक्सवर पैसा घालायचा नाही.

७ फेब्रुवारी

प्रत्यक्ष नळात चित्रीकरण करायचं नाही. यावर पुन्हा चर्चा नको, म्हणून कारणं लिहून ठेवतो. अनेक ठिकाणी नळात सांडपाणी मिसळतं. सांडपाणी कुजतं तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच कोसळतो. मेणबत्ती पेटती ठेवून खात्री करण्याची जुनी पद्धत या वायूबद्दल काहीच सांगत नाही, आणि खाली मिथेन असला तर तीच मेणबत्ती भडका उडवेल. शिवाय उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा धोका, दुरुस्ती नसलेली कमान, वरून जाणारी वाहनं. विमा आणि परवानगी मिळणार नाही, आणि मिळाली तरी माणसं उतरवायची नाहीत.

नळाच्या प्रत्यक्ष जागेवरचं काम जमिनीच्या वरचंच: कात्रज तलावाचा काठ, पेठांतल्या गल्ल्या, रस्त्याकडेचे उच्छ्वास. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, त्याची परवानगी पुरातत्त्व खात्याकडून वेगळी काढावी लागते. वाडा लांबूनच, सार्वजनिक रस्त्यावरून दिसेल तेवढा.

१२ फेब्रुवारी

सेटची मापं. खरा नळ अरुंद आहे, तेवढ्यात कॅमेरा आणि पात्र एकत्र मावत नाही. आतली रुंदी ३ फूट ३ इंच, कमानीच्या माथ्यापर्यंत उंची ६ फूट ६ इंच. म्हणजे भिंत सरळ ४ फूट साडेदहा इंच चढते आणि तिथून साडेएकोणीस इंच त्रिज्येची अर्धगोल कमान सुरू होते. उंच पात्राचं डोकं कमानीला जेमतेम लागत नाही. तेच हवं आहे.

लांबी ३२ फूट, ४ फुटांचे ८ तुकडे. प्रत्येक तुकड्याला १८ मिमी प्लायच्या ३ कमानी, एकूण २४. कमानीची पट्टी ४ इंच रुंद, म्हणजे बाहेरचा व्यास ४७ इंच. तो ८ बाय ४ च्या शीटच्या ४८ इंचांत बसतो. कमानी एकात एक सरकवून आखल्या तर एका शीटमधून ६ निघतात, सगळ्या ४ शीटमध्ये. प्रत्येक कमान सुटी आखली तर शीटमागे ४ च निघतात आणि ६ शीट लागतात. सुताराला आखणीचा कागदी साचा पूर्ण मापात कापून द्यायचा, तोंडी समजावून भागत नाही.

१९ फेब्रुवारी

भिंतीचं पृष्ठ. थर्माकोल कोरून विटा करणं सगळ्यात स्वस्त आणि हलकं, पण तो भसाभस पेटतो आणि जळताना थेंब थेंब गळतो. ३ फूट रुंदीच्या बोगद्यात वायर, दिवे आणि माणसं असताना थर्माकोल नको. मोल्डरकडून काथ्या घातलेले पीओपीचे २ बाय २ फुटांचे पत्रे ओतून घ्यायचे, जाडी १२ मिमी. साचा जुन्या पातळ विटांच्या बांधकामावरून. विटा आजच्या मापाच्या दिसल्या तर पुणेकर पहिल्याच शॉटला ओळखेल. साचे किमान ३ वेगवेगळे हवेत आणि पत्रे उलटेसुलटे फिरवून लावायचे, नाहीतर तोच तुटका कोपरा दर २ फुटांनी दिसतो.

वजनाचा हिशोब: एक पत्रा सुमारे ५ किलो. एका तुकड्याला १५ पत्रे, म्हणजे ७५ किलो, त्यातले ५ डोक्यावर. कमानीचे पत्रे नुसत्या फेव्हिकॉलवर लावायचे नाहीत. प्रत्येकाला ४ स्क्रू, मोठ्या वायसरसकट, आणि वरून तार. स्क्रूची डोकी पीओपीने बुजवून रंगवायची.

पीओपी पाण्यात राहिलं की मऊ पडून झिजतं. खालचे ९ इंच म्हणून सिमेंटचेच: कोंबडीजाळीवर वाळू-सिमेंटचा गिलावा. सांधा उघडा दिसतो, पण नळाला पाण्याची जुनी रेघ असतेच. सांधा नेमका त्या रेघेखाली लपवायचा.

२ मार्च

रंगकाम. क्रम महत्त्वाचा. आधी विटेचा तांबूस-करडा, मग पातळ काळपट धुलाई, ती ओली असतानाच फडक्याने पुसायची, म्हणजे काळं सांध्यात राहतं. लोणा धरलेल्या जागी चुन्याची निवळ ब्रशने शिंतडायची. शेवाळाला बारीक भुसा, फेव्हिकॉल आणि हिरवा-काळा रंग, फक्त पाण्याच्या रेघेपासून हातभर उंचीपर्यंत. सगळीकडे शेवाळ म्हणजे नाटकाचा पडदा. ओलावा दाखवायला पूर्ण भिंतीला व्हार्निश मारू नये, बॅटरीच्या उजेडात ती प्लास्टिकची दिसते. व्हार्निशचे उभे ओघळ ठरावीक जागीच आणि बाकी टेकच्या आधी ग्लिसरीन-पाण्याचा फवारा. नुसतं पाणी दिव्याच्या उष्णतेत लगेच वाळतं आणि दोन शॉटांत भिंत वेगळी दिसते.

वडाच्या पारंब्या आणि मुळं: ज्यूटचा दोर उसवून चहाच्या काढ्यात बुडवायचा, अर्धवट वाळल्यावर टांगायचा.

तेच ३२ फूट नळाचे ४ वेगळे भाग म्हणून दाखवायचे आहेत. भाग १ हौदाजवळचा, भिंतीवर चुन्याचे जाड ओघळ. भाग २ मुळांचा. भाग ३ मध्ये डावीकडे दिव्याचा कोनाडा. भाग ४ गाळाचा, पाणी कमी, कमानीला तडा. प्रत्येक भागाची एकच मोठी खूण, पण ती बॅटरीच्या पहिल्या झोतातच दिसली पाहिजे. बारीकसारीक दहा खुणा कोणाच्याही लक्षात राहत नाहीत.

९ मार्च

पाणी. जमिनीवर आधी वाळूचा २ इंच थर, त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद. वाळूची कामं दोन. ती कागदाला भोकं पडू देत नाही आणि प्लायचा पोकळ ठणठण आवाज मारते. कागदावर पातळ सिमेंटचा खरबरीत थर, कारण ओल्या कागदावर पाय घसरतो.

खोली ठरवताना गणित करा, अंदाज नको. ३ इंच पाणी भरलं तर सुमारे ७५० लिटर. त्याला डोळ्यांना दिसेल असा वेग, सेकंदाला ५ सेंटिमीटर, द्यायचा तर मिनिटाला २२५ लिटर फिरवावं लागतं. १ इंच पाण्यात तोच वेग ७५ लिटरमध्ये मिळतो. म्हणून वाहत्या पाण्याच्या शॉटांत खोली १ इंच. बोटीतलं पाणी उपसायचा १२ व्होल्टचा एक पंप पुरतो. पंपावर छापलेला आकडा नळी चढवल्यावर मिळत नाही, तो निम्मा धरून घ्यायचा. पंप टोकाच्या खड्ड्यात, बॅटरी सेटच्या बाहेर. कूलरचा २३० व्होल्टचा पंप स्वस्त आहे, पण पात्रं ज्या पाण्यात उभी आहेत त्यात तो सोडायचा नाही. सेटवर जाणारी प्रत्येक मेन लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच), आणि त्याचं टेस्ट बटण रोज काम सुरू होण्याआधी दाबून बघायचं.

आता खरी अडचण: अंधारात वाहतं पाणी आणि साचलेलं पाणी कॅमेऱ्याला सारखंच दिसतं. उपाय वाळक्या कडुनिंबाच्या पानांचा. चिमूटभर पानं वरच्या टोकाला सोडली की ती बॅटरीच्या झोतात शिरतात, दगडाला अडतात, गिरकी घेतात आणि सुटतात. दिशा तेव्हा क्षणात कळते. ओली पानं बुडतात, प्लास्टिकची तरंगतात पण वळत नाहीत. भुसा टाकला तर तो पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

पाण्याला रंग चहाचा. दूध किंवा पीठ घालून गढूळ केलेलं पाणी उन्हाळ्यात एका रात्रीत आंबतं. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून सेट वाळवायचा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि युनिट डेंगीने आडवं पडतं.

१७ मार्च

दिशेचा नियम, छायालेखक आणि संकलक दोघांसाठी. बाजूने घेतलेल्या प्रत्येक शॉटमध्ये पाणी डावीकडून उजवीकडे वाहील. उजवीकडे शहर, डावीकडे कात्रज. कॅमेरा समोरच्या भिंतीकडून लावला तर पडद्यावर पाणी उलटं होईल आणि शेवटच्या अंकातलं भय आधीच फुकट जाईल. म्हणून सेटची एकच भिंत सुटी करायची. दुसरी पक्की ठोकायची, म्हणजे घाईत कोणी ती उघडणारच नाही. नळाच्या लांबीत घेतलेल्या शॉटमध्ये पाणी कॅमेऱ्याकडे येत असेल तर आपण कात्रजकडे बघतो आहोत. शॉटच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर बाण काढायचा.

सुटी भिंत ४ फुटांच्या तुकड्यांत, बाहेरून कडी-कोयंड्यावर, कुलूप नाही. कोणी घाबरलं, चक्कर आली, तर जागच्या जागी भिंत उघडून बाहेर काढता येतं. प्रत्येक टेकला एक माणूस फक्त त्या कड्यांपाशी उभा.

२६ मार्च

प्रकाश. पात्रांच्या हातातल्या बॅटऱ्या हाच मुख्य प्रकाश. बाजारातली स्वस्त एलईडी बॅटरी मंद मोडवर भराभर उघडझाप करून उजेड कमी करते. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकतात. सगळ्या बॅटऱ्या फुल मोडवर तपासायच्या आणि उजेड कमी हवा असेल तर काचेमागे ट्रेसिंग पेपर लावायचा. त्याने मधला पांढरा ठिपकाही फुटतो. सेल उतरत गेला की काही बॅटऱ्यांचा उजेडही उतरत जातो. प्रसंगाच्या सुरुवातीला आणि शेवटी चेहरा वेगळा दिसू नये म्हणून दर सेटअपला भरलेला सेल.

बोगद्यात भिंत १ मीटरवर आणि माणूस ३ मीटरवर असेल तर भिंतीवर नऊपट उजेड पडतो, तीन स्टॉपपेक्षा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). भिंत जळते, चेहरा काळा राहतो. बॅटरीच्या काचेचा भिंतीकडचा अर्धा भाग काळ्या टेपने झाकला की हे आटोक्यात येतं. पात्राला बॅटरी छातीपाशी धरायला सांगायची, खांद्यावर नाही. समोरच्या पात्राच्या पाठीवर किंवा फ्रेमखाली पांढरा फोमबोर्ड ठेवला की त्यावरून परतलेला उजेड डोळ्यांत चमक आणतो. अंधार कितीही असला तरी डोळे दिसले पाहिजेत.

बॅटरीशिवाय उजेडाचा एकच स्रोत, उच्छ्वास. ३ फूट चौरस, १० फूट उंच कापडी खोका कमानीच्या भोकावर, वर एक ६० वॉटचा एलईडी. उच्छ्वासाखाली पात्रं सावकाश होतात, प्रेक्षकही. चित्रपटात अशा जागा दोनच, आणि दुसरीच्या वेळी वरचं झाकण बंद असतं.

धूर: आतली जागा २० घनमीटरसुद्धा नाही. फॉग मशीनची दोन-तीन सेकंदांची फुंकर पुरते, जास्त झाली की सगळं दुधाळ होतं आणि पाच मिनिटं थांबावं लागतं. ग्लायकॉलचा धूर जमिनीवर तेलकट थर सोडतो, म्हणून दर ब्रेकला पायरी आणि कडा पुसायच्या. टोकाला एक्झॉस्ट पंखा.

४ एप्रिल

कॅमेरा. सोनी एफएक्स ३, एस-लॉग ३ मध्ये (नंतर रंग जुळवण्यासाठीची फिकट नोंद) वरचा बेस आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ प्रकाश-संवेदनशीलता, १२८००. मधल्या कुठल्याही आयएसओवर घेऊन नंतर उजळवलं तर सावल्यांत कचरा, म्हणजे रवाळ ठिपके, दिसतो. २४ फ्रेम, शटर १७२.८ अंश, म्हणजे सेकंदाचा ५० वा भाग. पादचारी भुयारी मार्गातल्या प्रसंगांत आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटी आहेत, त्या १८० अंशांवर लुकलुकतात. रेकॉर्डिंग १० बिट. ८ बिटमध्ये भिंतीवर विरत जाणारा उजेड पायऱ्या पायऱ्यांनी तुटतो.

लेन्स मुख्यतः ३५ मिमी. अरुंद जागेत १६ किंवा १८ मिमी लावायचा मोह होतो, पण त्याने ३२ फुटांचा सेट हमरस्त्याएवढा मोकळा वाटतो. घुसमट हवी तर कॅमेरा मागे आणि लेन्स लांब. सुटी भिंत त्यासाठीच आहे.

११ एप्रिल

ध्वनी. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसा काम अशक्य. उन्हाने छत तापतं, आणि सूर्य कलल्यावर पत्रा आकसताना तास-दीड तास टिक टिक वाजत राहतो. संवादाचे शॉट रात्री नऊनंतरच.

सेटची रुंदी साधारण १ मीटर, उंची साधारण २ मीटर. १ मीटर अंतरावरच्या समांतर भिंतींत १७० हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो, आणि उंचीचा दुसरा घुमाराही तिथेच येतो. बोलण्याच्या आवाजाचा पाया याच पट्ट्यात असल्याने संवाद डब्यात बोलल्यासारखा ऐकू येतो. फ्रेमबाहेर दोन्ही भिंतींना गोधड्या टांगायच्या, माथ्यावर एक. कॉलर माइक ओल्या कपड्यावर लावायचा नाही, केसांत किंवा कोरड्या आतल्या पट्टीवर. हाका आणि किंकाळ्या मात्र नंतर डबिंगमध्येच घ्यायच्या.

प्रतिध्वनी मिक्समध्ये, आणि तोही मोजून. बंद टोक ८५ मीटरवर असेल तर हाक अर्ध्या सेकंदाने परत येते, ४३ मीटरवर असेल तर पाव सेकंदाने. ८-१० मीटरच्या आत आली की हाक आणि प्रतिध्वनी कानाला वेगळे कळत नाहीत. भाग १ ते ४ मध्ये हे अंतर घटत न्यायचं. पुढची वाट बंद होत चालली आहे हे चित्रात कुठेही दाखवायचं नाही, हाकेनेच कळू द्यायचं.

१८ एप्रिल

प्राणी. खरे उंदीर किंवा वटवाघळं आणायची नाहीत. पशू कल्याण मंडळाची चित्रीकरणाआधी परवानगी लागते आणि नंतर सेन्सॉरकडे तिचे कागद मागतात. उंदीर फक्त आवाजात आणि पाण्यावर उठलेल्या तरंगात: फ्रेमबाहेरून मासेमारीच्या दोऱ्याने ओढलेली बाटलीची बुचं.

लुकलुकत्या बॅटरीचा प्रसंग: सेकंदाला तीनपेक्षा कमी वेळा. त्याहून वेगाने लखलखणारा उजेड अपस्माराच्या रुग्णांना घातक ठरू शकतो.

६ मे

उलट्या पाण्याचा प्रसंग. चित्र उलटं फिरवून हे करायचं नाही. पात्राच्या केसांवरून पडणारे थेंब वर जाताना दिसतात. पंप दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात, नळीचं तोंड शहराच्या बाजूला. पंप बदलल्यावर पाण्याला नवी दिशा धरायला वेळ लागतो, आधी मध्येच भोवरे होतात. ते भोवरे टाकून द्यायचे नाहीत, कॅमेरा चालू ठेवायचा. वाहणारी पानं आधी थबकतात, एकमेकांना चिकटतात, मग सगळी मिळून मागे सरकू लागतात. हा एकच शॉट, वरून, न तोडता, सुमारे ४० सेकंद. पात्राची प्रतिक्रिया त्यानंतर, आधी नाही. आधी तिचा चेहरा दाखवला तर प्रेक्षकाला आपण बोट धरून दाखवलं असं होईल, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ओळखावी एवढ्यासाठीच तर पहिल्या अंकात तीन वेळा पानं सोडली आहेत.

या प्रसंगाला संगीत नाही. आधीच्या सगळ्या प्रसंगांत पाण्याची झुळझुळ एका बाजूच्या स्पीकरला जास्त आहे, इथे ती दुसऱ्या बाजूला जाते.

९ जून

डीआय, म्हणजे रंगांची अखेरची जुळणी. काळा रंग पूर्ण शून्यावर न्यायचा नाही. मोबाइलवर आणि स्ट्रीमिंगच्या दाबलेल्या फाइलमध्ये तळाचे सगळे करडे एक होतात आणि त्यांचे चौकोन दिसू लागतात. जुळवलेल्या रंगांवर बारीक ग्रेन (दाणेदारपणा) घातला की ते फुटतात. थिएटरची अडचण उलटी. पडद्यावर ४८ निट्स (उजेडाचं माप) मिळायला हवेत, पण जुना दिवा असलेल्या एकपडदा चित्रगृहांत त्याहून बरेच कमी मिळतात. म्हणून डीसीपी (चित्रगृहात जाणारी अंतिम फाइल) अशाच एका मंद पडद्यावर तपासायची, स्टुडिओच्या मॉनिटरवर नाही. तपासणीसाठी शॉट तीन: भाग २ मधली मुळं, कोनाड्याजवळचा चेहरा, आणि पानांचा तो वरचा शॉट. पानं मागे सरकताना शेवटच्या रांगेतून दिसली नाहीत, तर फक्त त्या रीळची मधली छटा अर्धा स्टॉप उचलायची, बाकी चित्रपटाला हात लावायचा नाही.

सेन्सॉरसाठी यूए १६+ धरून अर्ज. सेटचे ८ तुकडे सुटे करून ठेवले आहेत: पीओपीचे पत्रे उभे, कारण आडवे रचले की तळाचे तडकतात.